चालणाऱ्या जाहिरातीला हात लावायचा नाही

गल्लीत तिला सगळे पोस्टवाली म्हणायचे. टपालखात्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती एका जाहिरात कंपनीत कामाला होती आणि दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या पोस्ट टाकायची, कधी गाद्यांच्या, कधी नळदुरुस्तीच्या, कधी दातांच्या दवाखान्याच्या. शेजारीण तिच्या आईला जिन्यात गाठून विचारायची, "तुमची लेक नक्की काम काय करते हो? नुसता मोबाइलच तर बघत असते." आई सांगायची, "तेच काम आहे तिचं." शेजारीण "अगंबाई" म्हणून वर जायची आणि स्वतःच्या मुलाला मात्र मोबाइल बघतो म्हणून धपाटे घालायची.

तिचे वडील म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, रस्त्यावरच्या खुणांचा भिंतीवरचा तक्ता आणि दाराशी एक छोटी पांढरी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते. बायकोसकट सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तर कधी ओरडायचे नाहीत. शिकणाऱ्याने भर चौकात गाडी बंद पाडली आणि मागच्यांनी हॉर्नचा एकच गिल्ला केला, तरी ते एवढंच म्हणायचे, "त्यांना वाजवू दे. तुम्ही आधी पाय उचला, मग विचार करा." त्यामुळे भित्री माणसं त्यांच्याकडे यायची. नवऱ्याच्या शेजारी बसून शिकताना रडलेल्या बायका, साठीत पहिल्यांदा स्टिअरिंग धरणारे काका, दुसरीकडे नापास होऊन आलेली मुलं. मास्तर सगळ्यांना रस्त्याला लावायचे.

हा गुण खरा, पण आजूबाजूच्या दोन गल्ल्यांपलीकडे तो कुणाला ठाऊक नव्हता. मोठ्या रस्त्यावर चकचकीत गाड्यांची एक नवी संस्था निघाली तेव्हा मास्तर दारात खुर्ची टाकून माश्या मारत बसू लागले. पोस्टवाली तेव्हा नोकरीला नुकतीच लागली होती. कंपनीत ऐकलेलं जे जे, ते ते तिने घरच्या धंद्यावर करून बघितलं. आधी तिने फोनच्या नकाशावरची शाळेची खूण दुरुस्त केली. ती मागच्या गल्लीतल्या लाँड्रीवर पडली होती आणि लोक लाँड्रीवाल्याला गाडी शिकवता का म्हणून विचारून त्याचं डोकं उठवत होते. मग शाळेच्या वेळा आणि फोन नंबर बरोबर टाकले. विकतच्या फोटोंतली गुळगुळीत हसरी माणसं काढून तिथे मास्तर आणि त्यांची पांढरी गाडी, सकाळच्या उजेडात काढलेली, लावली. माणसाला परवाना मिळाला की त्याच दिवशी, तो हवेत असतानाच, त्याच्याकडून शाळेबद्दल चार ओळी लिहून घ्यायच्या हे तिने वडिलांच्या डोक्यात पक्कं बसवलं. दुसऱ्या दिवशी मागितल्या तर तोच माणूस 'बघतो' म्हणतो आणि जन्मात बघत नाही.

आणि फोन वाजायला लागले. मास्तरांना जेवायला सवड मिळेना. ते बायकोला म्हणायचे, "हिने मला म्हातारपणी कामाला लावलं." म्हणताना छाती मात्र फुगलेली असायची. रस्त्यात कुणी भेटलं की काही कारण नसताना विषय मुलीवर आणायचे.

त्या एका शाळेवर पोस्टवालीचं कंपनीत नाव झालं, आणि तिथून तिचे नियम निघाले. पहिली ओळ अशी हवी की बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. एका जाहिरातीत एकच गोष्ट मागा. किती लोकांना आवडलं ते मोजू नका, किती जणांनी फोन केला ते मोजा. प्रश्न आला की तासाभरात उत्तर द्या. वाईट शेरा आला तर भांडू नका, नम्रपणे नंबर द्या आणि भांडण चव्हाट्यावरून बाजूला न्या. दोन प्रकारच्या जाहिराती लावून बघा आणि पडेल ती काढा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालणाऱ्या जाहिरातीला हात लावायचा नाही. साहेबांनी हे सगळं छापून भिंतीवर लावलं. खाली तिचं नाव नव्हतं, पण नवीन पोरांना तिच्याकडेच शिकायला पाठवायचे. दुकानदार मंडळी हे सगळं तिच्या तोंडून ऐकून भारावून जायची आणि घरी जाऊन परत तीच गुळगुळीत हसरी माणसं लावायची, ते सोडा.

तर असं सगळं छान चाललेलं असताना मास्तरांनी एका सकाळी पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं.

आईने आधी दुर्लक्ष केलं. मग मास्तर जिन्यात समोरून आलेल्या शेजारणीला "कोण?" म्हणाले, तेव्हा तिने लेकीला सांगितलं. लेकीने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि आजचा नव्हता. "किती दिवसांपासून कमी दिसतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मास्तरांनी आढ्याकडे बघितलं. "तसं दिसत होतं की," ते म्हणाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाला दुसरं काय म्हणता येणार होतं? डॉक्टरबाई म्हणाल्या की आता एका डोळ्याचं करू, दुसऱ्याचं काही महिन्यांनी.

या डॉक्टरबाई पोस्टवालीच्या नव्या गिऱ्हाईक होत्या, आणि त्यांचं काम काही केल्या चालत नव्हतं. कुणा परदेशी बाईचे निळे डोळे लावून झाले, लेन्सचा फोटो लावून झाला, डॉक्टरबाई स्वतः पांढऱ्या कोटात उभ्या राहून झाल्या. फोन येईना. साहेबांनी पोस्टवालीला बोलावून सांगितलं होतं, "हा दवाखाना आपल्याकडे टिकला तर दवाखान्यांचा सगळा विभाग तुझा. हाताखाली माणसं, खिडकीजवळची खुर्ची. नाही टिकला तर बघू." हे 'बघू' कुठल्या जातीचं असतं ते नोकरदार माणसाला सांगावं लागत नाही. कितीतरी वर्षं ती दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या पाठीला घासत बसली होती. तिला ती खिडकी हवी होती, आणि त्यात काही पाप नव्हतं.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मास्तर घरी आले, पलंगावर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पांढरीच आहे," आई म्हणाली. "पहिल्यापासून."

"मला वाटलं तू पिवळा रंग काढून घेतलास. म्हटलं, आपल्याला विचारलं नाही, आता कशाला बोला."

तिघंही हसली. हसता हसता पोस्टवालीच्या मनात काय चमकलं ते तिलाही आवडलं नाही, पण चमकलं. तिने वडिलांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, चेहऱ्यावर उजेड घेतला आणि मोबाइल धरला. "बाबा, आधी कसं दिसायचं ते सांगा ना."

"कुणाला दाखवणारेस?"

"डॉक्टरांच्या पेशंटना. लोक घाबरतात हो ऑपरेशनला. तुम्ही बोललात तर धीर येईल."

भित्र्या माणसांना धीर द्यायचा म्हटलं की मास्तर कशालाही तयार. ते बोलले, आणि लेक समोर आहे म्हणून मोकळेपणाने बोलले. मागून आलेल्या गाडीचे दिवे आरशात कसे फुटायचे ते सांगितलं. पाट्या दिसायच्या नाहीत, पण रस्ते पाठ होते, हे सांगितलं. आणि मग थोडं ओशाळून म्हणाले, "सिग्नल लाल की हिरवा ते मला रंगावरून नाही कळायचं. कुठला दिवा लागलाय, वरचा की खालचा, त्यावरून मी ओळखायचो."

असं वाक्य जाहिरातवाल्या माणसाच्या वाट्याला वर्षानुवर्षं येत नाही.

तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर तिने आरशातले दिवे कापले, रस्ते पाठ असल्याचं कापलं, गाडीचा कुठेच उल्लेख ठेवला नाही. खाली फक्त 'मास्तर' लिहिलं. लोकांना शाळामास्तर वाटतील, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिने दोन जाहिराती केल्या. एकीत मास्तर म्हणत होते की ऑपरेशन मुळीच दुखलं नाही. दुसरी सिग्नलपासून सुरू होत होती. दोन्ही दवाखान्याच्या आसपास राहणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसांना दिसतील अशा लावल्या. ओळखीचा चेहरा दिसला की माणूस लवकर विश्वास टाकतो हा तिचाच सल्ला होता. दवाखाना आणि मास्तरांची शाळा एकाच भागात होते हे काय तिला नकाशात बघावं लागणार होतं?

न दुखल्याची जाहिरात जागची हलली नाही. सिग्नलवाली उधळली. दवाखान्याचा फोन खाली ठेवता येईना, डॉक्टरबाईंना दुसरी मुलगी फोनवर बसवावी लागली. साहेब पोस्टवालीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि तिच्या खांद्यावरून आकडे बघत म्हणाले, "खिडकी पुसून घे." साहेबांचा विनोद तेवढाच असायचा, तरी ती मनापासून हसली.

आता त्या जाहिरातीखाली लोक प्रश्न विचारत. रविवारी चालू असतं का? मधुमेह असला तरी होतं का? त्याच दिवशी घरी सोडता का? सगळ्यांचं उत्तर 'हो'च होतं. एवढ्या सगळ्यांना तासाभरात उत्तर देणं एका माणसाचं काम नव्हतं, म्हणून तिने आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं: 'हो! विचारल्याबद्दल धन्यवाद. आजच आपली वेळ ठरवा.' मग एका बाईने विचारलं, 'हे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ना? यांना सिग्नल दिसत नव्हता आणि हे आमच्या मुलीला शिकवत होते का?'

'हो! विचारल्याबद्दल धन्यवाद. आजच आपली वेळ ठरवा.'

पोस्टवालीने हे बघितलं तोवर त्याखाली लोकांनी चर्चेचा बाजार मांडला होता. तिने उत्तर पुसलं. पुसल्यावर कुणीतरी आधीच काढून ठेवलेला त्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आता पुसताय कशाला?'

मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त फोन आले. एका मुलीला ताप आला म्हणून ती येणार नव्हती. मग आणखी एकाला ताप आला. एका काकांनाही आला. "कसली साथ आहे गं ही?" मास्तर बायकोला म्हणाले. "सगळे शिकाऊच कसे आजारी पडले?" ते डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून शाळेत बसून राहायचे आणि तापवाल्यांना उलट फोन करून विश्रांती घ्या म्हणून सांगायचे.

शेवटी एक बाई स्वतः आली. नवऱ्याच्या शेजारी बसून रडलेली, मास्तरांकडे शिकून गाडी घेऊन सासरी-माहेरी हिंडणारी. मास्तरांनी खुर्ची दिली तरी ती बसली नाही. तिने मोबाइलवर ती जाहिरात लावून मास्तरांच्या हातात दिली.

"मास्तर, हे तुम्हीच बोललात?"

मास्तरांनी स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

"मी तुमच्या भरवशावर रस्त्यावर उतरले होते," ती म्हणाली. "घाबरायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, माझं लक्ष आहे."

"लक्ष होतं, ताई. माझा पाय कायम ब्रेकवर होता."

"आणि डोळे?"

ती भांडायला आलेली नव्हती, हेच जास्त लागलं. ती मोबाइल घेऊन निघून गेली. मास्तरांच्या हातून कधी कुणाला खरचटलंदेखील नव्हतं, पण हे सांगायला आता ऐकणारं कोण होतं? आणि सांगितलं असतं तरी बाईचं म्हणणं खरंच होतं.

संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर बसवलं. आवाज नेहमीचाच, खालच्या पट्टीतला. "चूक माझी आहे. दिसत नव्हतं तेव्हा शिकवायला नको होतं. शाळा बंद पडेल या भीतीने मी गप्प बसलो. पण आता मला नीट दिसतंय. दुसऱ्या डोळ्याचंही होईल. लोकांना विसरायला वेळ मिळाला तर शाळा राहील. ती जाहिरात थांबवता येते का?"

"डॉक्टरांची आहे ती, बाबा. त्यांना विचारायला लागेल."

"विचार ना."

तिला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचाच फोन आला. "अगं, त्या जाहिरातीखाली काय काय लिहितायत लोक. तुझ्या वडिलांना त्रास होत असेल. बंद करून टाक, माझी काही हरकत नाही. तूच ठरव."

बंद करणं म्हणजे काय, तर एका चौकोनावर बोट ठेवायचं. तो चौकोन तिच्या समोर होता. महिना संपायला अजून थोडे दिवस होते, आणि महिन्याच्या शेवटी आकडे बघून दवाखाना टिकणार की नाही ते ठरणार होतं. लोक भांडत होते म्हणून जाहिरात आणखी लोकांपर्यंत जात होती, जितकी भांडणं तितके फोन. धंद्याचं हे अंग तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिच्या मनात आलं की वडील तर आता थकलेलेच आहेत, आज ना उद्या शाळा बंद करावी लागणारच होती. हे वाक्य तिला फार सोयीचं वाटलं. माणूस स्वतःला जेव्हा सोयीची वाक्यं सांगायला लागतो तेव्हा त्याला हात धरून थांबवायला कुणीतरी शेजारी पाहिजे, आणि तिच्या शेजारी साहेब होते.

"महिनाअखेरपर्यंत राहू दे, डॉक्टर," ती म्हणाली. "आकडे छान आहेत. बाबांना मी समजावते."

घरी येऊन तिने सांगितलं, "डॉक्टर तयार नाहीत."

मास्तरांनी मान हलवली. "त्यांचंही बरोबर आहे. त्यांचा धंदा आहे."

तिने शाळेसाठी काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. नकाशावर शाळेच्या नावाखाली वाईट शेऱ्यांची रांग लागली, तेव्हा तिने प्रत्येकाला नम्र उत्तर दिलं, कुणाशी भांडली नाही, फोन नंबर दिला. शहाणी माणसं जसं करतात तसंच. एकाने लिहिलं, 'फोन कशाला, मास्तरांनाच पाठवा. फक्त रस्ता सरळ असेल याची काळजी घ्या.' त्याला शेकडो लोक हसले. रोज कचेरीत ती दवाखान्याची बाजू चढवायची आणि रोज घरी येऊन शाळेची पडझड सावरायची, आणि दोन्ही कामं मन लावून करायची.

महिना संपला. दवाखाना टिकला. तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. महिनाअखेर उलटूनही जाहिरात चालूच राहिली, कारण आता ती कंपनीची शान होती, आणि भिंतीवर लिहिलंच होतं.

शाळा मात्र गेली. गाडी घेणाऱ्याला साधी गाडी हवी होती, म्हणून मेकॅनिकने शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेले ब्रेक आणि क्लच काढून दिले. मास्तर गॅरेजमध्ये उभं राहून ते बघत होते. मेकॅनिक म्हणाला, "ठेवता का आठवण म्हणून?" मास्तर म्हणाले, "भंगारात टाक." घरी आल्यावर आईने जेवणाचं विचारलं तर भूक नाही म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. तिला कुणावर रागवावं तेच समजत नव्हतं. डॉक्टरांवर रागवावं, तर डॉक्टरांनी नवऱ्याला डोळा परत दिला होता.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचंही झालं. त्या वेळी पोस्टवालीला सुट्टी मिळाली नाही, मास्तर आईला घेऊन गेले. संध्याकाळी परत आले. लेकीने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" मास्तर म्हणाले, "चांगल्या बोलल्या." तिने पुढे विचारलं नाही.

मग तो मेळावा आला. भागातल्या सगळ्या लहानमोठ्या व्यापाऱ्यांना बोलावून, फोनवरून धंदा कसा वाढवावा याच्या उपयोगी टिपा द्यायच्या, असा साहेबांचा बेत होता. बोलणार पोस्टवाली. साहेब म्हणाले, "नुसत्या आकड्यांनी लोक पेंगतात. तुझ्या वडिलांना आण. जाहिरातीतला माणूस समोर उभा राहिला तर सभागृह हातात येईल."

ती घरी विचारायला घाबरत होती. दोन दिवस तिने विषय काढला नाही. शेवटी जेवताना घाईघाईत बोलून टाकलं. मास्तरांनी लगेच हो म्हटलं. "येतो की. शर्ट कुठला घालू?"

सभागृह भरलेलं होतं. गादीवाले, औषधवाले, सलूनवाले, चपलांचे दुकानदार, हातात बिस्किटं आणि चहाचे पेले. पोस्टवाली फार छान बोलली. लाँड्रीवर पडलेल्या खुणेचा किस्सा सांगून तिने लोकांना हसवलं, पहिल्या ओळीचं महत्त्व सांगितलं, फोन मोजायला सांगितले. मग पडद्यावर मास्तरांचा चेहरा आला, सिग्नलचं वाक्य आलं, आणि खालच्या रांगेतून 'वा' आली. साहेबांनी मास्तरांना हाताला धरून वर आणलं. मास्तरांनी माइक जरा लांबच धरला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मी गाडी शिकवायचो. त्या जाहिरातीत जे आहे ते सगळं मीच बोललोय. मुलीने पदरचं काही घातलं नाही. ती कामात एकदम चोख आहे. मला कमी दिसत होतं आणि मी शिकवत राहिलो, ते चुकलं. लोक सोडून गेले ते बरोबरच केलं त्यांनी. शाळा बंद पडली."

पोस्टवाली हसरा चेहरा तसाच ठेवून उभी होती.

"मी ही जाहिरात थांबवायला सांगितली होती. मुलगी म्हणाली, डॉक्टर ऐकत नाहीत. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी डॉक्टरांशी बोललो. त्या म्हणाल्या, अहो, मीच बंद कर म्हणाले होते, तीच म्हणाली आकडे छान आहेत." मास्तरांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "तर सांगायचं ते हे, की चालणारी जाहिरात ही सख्ख्या बापासाठीसुद्धा बंद करत नाही. तुम्ही तुमचं दुकान हिच्या हातात डोळे झाकून द्या."

क्षणभर कुणाला कळेना. मग गादीवाला मोठ्याने हसला, आणि त्याच्यामागून सगळं सभागृह हसलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. काय गोड माणूस, असं लोक एकमेकांना म्हणत होते. बाप कसा लेकीची थट्टा करून कौतुक करतो बघा. कार्यक्रम संपल्यावर पोस्टवालीभोवती गर्दी झाली. चपलांच्या दुकानदाराने तिचा नंबर घेताना डोळा मारून म्हटलं, "आम्हाला अशीच निर्दय बाई पाहिजे." ती हसली आणि गर्दीतून मास्तरांना शोधू लागली. मास्तर तोवर आईला घेऊन बसने घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब मेळाव्याचं चित्रण घेऊनच आले. "वडिलांचं भाषण आपल्या पानावर टाक. सोनं आहे. फक्त जरा आटोपशीर कर."

खिडकीजवळ बसून तिने ते भाषण पुन्हा पुन्हा लावलं. कुठे कापायचं ते तिला पहिल्याच वेळी दिसलं होतं, पण बोट उचलेना. आपण हे पुसून टाकू आणि साहेबांना सांगू की चित्रण बिघडलं, असंही तिच्या मनात आलं. तिला रडायला येत होतं आणि रडायला खुर्ची चुकीची होती, काचेतून सगळ्यांना दिसलं असतं. दुपारपर्यंत तिने काम संपवलं. आता मास्तर म्हणत होते, 'त्या जाहिरातीत जे आहे ते सगळं मीच बोललोय. मुलीने पदरचं काही घातलं नाही. ती कामात एकदम चोख आहे.' त्यापुढे लगेच 'तुम्ही तुमचं दुकान हिच्या हातात डोळे झाकून द्या', आणि टाळ्या. जोड कुठे आहे ते कुणाला ओळखू आलं नसतं. संध्याकाळी ती घरी निघाली तोवर कंपनीचा फोन वाजू लागला होता.

घरी मास्तर दाराशी चपला घालत होते. शेजारणीने त्यांना ते चित्रण मोबाइलवर दाखवलं होतं.

"मधलं काढलंस," ते म्हणाले.

"लांब होत होतं, बाबा. लोक एवढं ऐकत नाहीत."

"हो ना." त्यांनी चपलेचा पट्टा नीट केला. "काढलंस ते बरं केलंस. मधलं लोकांसाठी नव्हतंच, तुझ्यासाठी होतं. घरात बोललो असतो तर तू लगेच काहीतरी उत्तर दिलं असतंस."

मग त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि ते पाव आणायला खाली उतरले. पोस्टवाली दारात उभी राहून उत्तर शोधत होती.